कितवी आली?

आकारामच्या हॉटेलात रेकॉर्डींची कुस्ती लागायची. हसू नका, खरंच लागायची. मंगळवार पेठेत तालमीला लागून ते हॉटेल. म्हणायला हॉटेल, बसायला चार बाकडी, खायला मिसळ, प्यायला चहा, आणि गल्ल्याच्या वरच्या फळीवर आकारामचा जीव अडकलेला तो रेकॉर्ड प्लेअर. कोल्हापूरच्या माणसाला एखादी गोष्ट आवडली की तिची कुस्ती लावल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. म्हशींची शर्यत लावतील, बोकडांची टक्कर लावतील, मग रेकॉर्डींनीच काय घोडं मारलंय?

त्यातसुद्धा कुस्ती लागायची ती एकाच पार्टीच्या रेकॉर्डींची. कोडोलीची वारणाकाठ संगीत पार्टी. ढोलकी, क्लॅरिओनेट, पेटी, दिमडी, मागं दोन कोरस आणि पुढं गाणारी बाई. जोतिबाची पदं, अंबाबाईचा जोगवा, एखादी गवळण, एखादं चावट गाणं, असा त्यांचा माल. वर्षाला एक रेकॉर्ड काढायचे, बहुतेक चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर. वर नाव पार्टीचंच, गाणाऱ्या बाईचं नाही. रेकॉर्ड आली की आकाराम दारावर फळा लावायचा आणि तालमीतली पोरं, वखारीतले हमाल, रिकामटेकडे पेन्शनर, सगळे जमायचे. नव्या गड्यानं तळातून वर यायचं असा नियम. आधी शेवटच्या नंबरच्या रेकॉर्डीशी जोड. ह्या रेकॉर्डीचं एक गाणं, तिचं एक गाणं. बाकड्यावर थापा ज्याला जास्त, तो जिंकला. जिंकला की वरच्याशी जोड. असं करत जी रेकॉर्ड सगळ्यांना चीत करून वर राहील तिला आकाराम झेंडूचा हार घालायचा आणि वर्षभर ती फळीवर पहिली उभी राहायची. कधी कधी हातघाईवर प्रकरण यायचं. गवळणीवरून एका हमालाचा दात पडलेला मंगळवार पेठेनं बघितलाय.

ह्या असल्या गोंधळात अण्णा खासनीस येऊन बसायचे, ही खरी नवलाची गोष्ट. नृसिंह विठ्ठल खासनीस, भूमितीचे रिटायर मास्तर. उभ्या जन्मात हॉटेलची पायरी न चढलेला माणूस. त्यांच्या वर्गात कंपास विसरून गेलेली पोरं पुढं मामलेदार झाली तरी त्यांना बघून रस्ता बदलायची. आकारामही त्यांचाच विद्यार्थी, भूमितीत नापास झालेला. पण नवी रेकॉर्ड आली की अण्णा आठ दिवस रोज दुपारी यायचे. काळी टोपी, पांढरा सदरा, कोपऱ्यातलं बाकडं. चहा मागवायचे आणि प्यायचे नाहीत. डोळे मिटून ऐकायचे. थापा नाहीत, मान डोलावणं नाही, काही नाही. शेवटच्या दिवशी आकाराम अदबीनं विचारायचा, "मास्तर, तुमचा नंबर?"

"चौथी," म्हणायचे, नाहीतर "दुसरी," म्हणायचे, आणि टोपी सारखी करून उठायचे.

मास्तरांचे नंबर आणि बाकड्यांवरच्या कट्ट्याचे नंबर कधी म्हणून जुळले नाहीत. तिसरी रेकॉर्ड घ्या. तिच्यात माहेराच्या वाटेचं एक गाणं होतं; सासुरवाशीण वाटेवरच्या माणसाला माहेरची खुशाली विचारते, असं. अख्खं कोल्हापूर रडलं त्या गाण्यावर. भाजीवाल्या बायका हॉटेलच्या बाहेर पाटी उतरवून ऐकत उभ्या राहायच्या. कट्ट्यानं तिला हार घातला. आणि अण्णा म्हणाले, "शेवटची." तालमीतला गुंडू पैलवान उखडलाच. "आयला, मास्तरांचा कान हाय का भोपळा?" आकारामनं त्याला डोळ्यांनी दाबला. गुंडूच्याही मग ध्यानात आलं आणि तो मिसळीकडं बघत बसला.

ध्यानात काय आलं, तर त्या पार्टीत गाणारी बाई ही अण्णांची मुलगी होती. नंदिनी, एकुलती एक. कट्ट्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कोल्हापूरचं तोंड फाटकं खरं, पण काही ठिकाणी ते आपणहून शिवून घेतं.

गोष्ट साधीच. नंदिनीचा गळा चांगला, शाळेच्या गॅदरिंगला गायची, मग गणपतीत गायला लागली. तिथं ही कोडोलीची पार्टी आली होती. क्लॅरिओनेट वाजवणारा ज्ञानू, शेतकऱ्याचं पोर, सातवी शिकलेला. वर्षभरानं नंदिनी त्याच्याशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि बायकोला सांगितलं, "आजपासून या घरात तिचं नाव निघायचं नाही." लीलाबाईंनी ताट उचललं. त्या दिवसापासून त्या घरात नंदिनी हा शब्द निघाला नाही. मानी माणसाचं हेच वाईट असतं. एकदा बोलला की त्याला स्वतःला जरी वाटलं तरी माघारी फिरता येत नाही, आणि वाटत तर दुसऱ्याच दिवसापासून असतं.

मग पहिली रेकॉर्ड आली. अण्णा भाजीची पिशवी घेऊन आकारामच्या दारावरून चालले होते. आतून आवाज आला आणि ते रस्त्यातच थांबले. सायकलवाल्यांनी घंट्या वाजवल्या, एक टांगेवाला शिव्या देऊन गेला. अण्णा आत गेले आणि बसले. घरी आले तेव्हा मेथी सुकली होती.

"उशीर झाला?" लीलाबाईंनी विचारलं.

"आकारामनं रेकॉर्ड लावली होती. कोडोलीच्या पार्टीची."

लीलाबाईंचा लाटण्यावरचा हात थांबला. मग त्या पोळीकडंच बघत म्हणाल्या, "बरी आहे?"

"बरी आहे," अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी दुसरी आली. तेव्हा लीलाबाईंनी विचारलं, "आधीच्यापेक्षा?" आणि तिसऱ्या वर्षापासून प्रश्न ठरूनच गेला. अण्णा दारात चप्पल काढायला लागले की आतून आवाज यायचा, "कितवी आली?" पूर्वी शाळेचा निकाल लागला की बापलेक घरी यायचे, तेव्हा ह्याच दारात हाच प्रश्न असायचा. आता नाव न घेता लेकीची खुशाली विचारायला त्या बाईला दुसरा प्रश्न नव्हता. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता, आणायची सोय नव्हती, आणि खासनिसांच्या सुनेनं तालमीशेजारच्या हॉटेलात जाऊन बसायचं हे तर तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं लेकीचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. तिला मिळायचा तो नंबर.

आता अण्णांची पद्धत ऐका. चालीला शून्य मार्क. ढोलकीला शून्य. शब्द कुणी लिहिले, कसे लिहिले, त्याच्याशी देणंघेणं नाही. ते ऐकायचे फक्त मुलीला. लांब ओळ एका दमात जाते की मधे श्वास घ्यावा लागतो? एका दमात गेली तर पोरगी जेवतेखाते, अंगात ताकद आहे. ओळीच्या शेवटी सूर नीट ठेवते की टाकून देते? लहानपणी रुसली की ती बोलतानाही शेवटचं अक्षर टाकून द्यायची. आणि तिसरं, चावट गाण्यात कुठंतरी ती आपली खोडी काढते का, सरळ जाता जाता स्वराला चिमटा काढते का? काढला असेल तर ती घरात हसत असणार. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तसा तो बाप ऐकायचा. हे सगळं मिळून नंबर. ही पद्धत त्यांनी कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही, पण तिला सांगायची गरज नव्हती.

बरं, कान खोटाही नव्हता. तिसऱ्या रेकॉर्डीला त्यांनी शेवटची म्हटलं त्याला सहा महिने झाले असतील. आकारामनं एके दिवशी हळूच सांगितलं, "मास्तर, नंदाताईचं बाळ गेलतं त्या वर्साला. सातव्या म्हैन्यात. कोडोलीची माणसं सांगत हुती." अण्णा चहा होता तसा ठेवून उठले. घरी जाऊन त्यांनी लीलाबाईंना तेवढंच एक वाक्य सांगितलं. त्या रात्रभर देवघरासमोर बसून राहिल्या आणि सकाळी पाणी तापवताना म्हणाल्या, "पुन्हा शेवटची आली तर मी जाणार. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर एकटी." लग्नाच्या इतक्या वर्षांत बाई नवऱ्यासमोर असं कधी बोलली नव्हती. अण्णांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून दोघांचाही त्या कानावर विश्वास बसला. एवढं कळलं ना, रेकॉर्डीवरून? मग आणखी काय पाहिजे? पत्र नको, निरोप नको, कुणापुढं वाकायला नको. ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा देव मानून घ्यावा तसं झालं.

चौथी रेकॉर्ड दुसरी आली. पाचवी पहिली आली. त्या वर्षी लीलाबाईंनी खीर केली आणि खीर कशाची हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

सहावी नवरात्रात आली, जोगव्याची. अण्णांनी पहिल्या दुपारी ऐकली आणि पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. कट्टा खूश होता, गुंडू पैलवान बाकडं बडवत होता. अण्णांना मात्र ओळी मोडताना ऐकू येत होत्या. पूर्वी एका दमात जायची तिथं आता दोन ठिकाणी श्वास. शेवटी शेवटी तर कोरस जरा लवकर उचलत होता, तिला सावरून घेतल्यासारखा. आठ दिवस थांबायची गरजच पडली नाही. तिसऱ्या दिवशी ते घरी गेले.

"कितवी आली?"

अण्णा दारातच उभे राहिले. खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण भूमितीचा मास्तर. उत्तर आलं ते आलं. "शेवटची," ते म्हणाले.

लीलाबाईंनी तिथल्या तिथं माळ्यावरून पिशवी काढली. चोळीचा खण, थालिपीठाची भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, असं करत चार दिवसांत पिशवी भरली. भरली आणि पलंगाखाली गेली. आता कोडोली काय लंडनला आहे का? एस.टी.नं दीड तास लागत नाही. पण अण्णा म्हणाले, "न बोलावता त्याच्या दारात जाऊन उभं कसं राहायचं?" आणि खरं सांगायचं तर लीलाबाईंचीही छाती होईना. दार उघडून पोरीनं "आत्ता आलात?" असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं? एकटी जाईन म्हणणारी बाई, तिचा पाय उंबऱ्यापाशी जड व्हायचा. मग दोघांनी मिळून एक तोड काढली. चैत्रात जोतिबाची यात्रा. पार्टी डोंगरावर येतेच, दिवसभर गाते. आपण देवाला म्हणून जायचं. देवाला जायला कुणाचं आमंत्रण लागत नाही. गुलालात उभं राहायचं, तिची नजर पडली की पुढचं पुढं. दोघांनाही हायसं वाटलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, लीलाबाईंनी लाडू दोनदा बदलले. जुने झाले की शेजारी वाटायच्या आणि नवे वळायच्या.

यात्रा पाचसहा दिवसांवर आली आणि सातवी रेकॉर्ड आली.

यंदा पार्टीनं मुंबईला जाऊन मोठ्या स्टुडिओत गाऊन घेतलं होतं. आकारामनं सुई ठेवली. क्लॅरिओनेट वाजलं, ढोलकी उठली, आणि मग आवाज लागला. काय आवाज लागला होता! लांबच्या लांब ओळ, एका दमात. शेवटचा सूर नीट जागेवर ठेवलेला. आणि दुसऱ्या बाजूला चावट गाणं होतं, त्यात स्वराला असा चिमटा काढला होता की अण्णा खासनीस, भूमितीचे मास्तर, भर हॉटेलात हसले. कट्टा रेकॉर्ड ऐकायचं सोडून त्यांच्याकडं बघायला लागला. "वाजवा रे!" गुंडू पैलवान ओरडला आणि सगळ्यांनी बाकडी बडवली. जोड लावायची वेळच आली नाही. आकाराम म्हणाला, "मास्तर, आवाज कसा खणखणीत लागलाय बघा की!"

अण्णांनी डोळे पुसले. सहा महिने त्यांच्या कानात ती मोडकी ओळ होती. जेवताना, झोपताना, देवळात, सगळीकडं तीच. आज ती सरळ झाली. त्या बिचाऱ्याला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

"पहिली," ते म्हणाले. "आकाराम, पहिली." आणि बाहेर जाऊन त्यांनी पेढे आणले. कट्ट्यावर प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. वखारीतल्या हमालालासुद्धा.

घरी लीलाबाईंनी विचारायच्या आधीच ते बोलले, "पहिली आली." त्या पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मग दोघं कितीतरी वेळ बोलत बसले. नाव न घेताच, पण बोलले. उन्हं भारी तापली होती. यात्रेत माणूस माणसाला चेंगरतो. लीलाबाईंचे गुडघे डोंगर चढायला कुरकुर करणार. आता घाई कसली? ती खुशाल आहे. पावसाळा गेला की नवरात्रात सावकाश जाऊ, थेट कोडोलीलाच जाऊ, तोवर धीरही येईल. लीलाबाईंनीच पलंगाखालची पिशवी ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. लाडू शेजारच्या पोरांना दिले. खण ट्रंकेत गेला.

वैशाख लागून आठ-दहा दिवस झाले असतील, एका दुपारी ज्ञानू आकारामच्या हॉटेलात आला. अण्णा तिथंच होते. सातव्या रेकॉर्डीपासून ते अधनंमधनं नुसतेच येऊन बसायला लागले होते आणि चहासुद्धा प्यायला लागले होते. ज्ञानूला त्यांनी ओळखलं नाही. डोक्यावर चार दिवसांचे खुंट, गालफडं बसलेली. तो सरळ कोपऱ्यातल्या बाकड्यापाशी आला आणि उभाच राहिला.

"मास्तर, नंदा गेली."

कट्ट्यावर कुणीतरी कप खाली ठेवला. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. "कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"मेली, मास्तर. बारावं-तेरावं झालं. कळवलं न्हाय. राग हुता मला तुमचा, खोटं कशाला बोलू." ज्ञानू बाकड्यावर बसला. "छातीचं दुखणं. दोन वर्सं झाली. मिरजंला ठिवली, आणली, परत ठिवली. जोगव्याच्या टायमाला कशीबशी गायली. त्येच्यानंतर बोलायलाबी दम लागायचा."

"नाही नाही," अण्णा म्हणाले, वर्गात पोरानं उत्तर चुकवलं की म्हणायचे तसे. "जोगव्यानंतर नवीन आली की. यंदाची. मी ऐकली आहे."

"ती शालू हाय. माझी भन. नंदानंच तयार केली तिला सात-आठ वर्सं. उठताबसता तिच्या मागं असायची पोरगी, तिच्यागतच गाती."

अण्णांनी आकारामकडं बघितलं. आकारामची मान खाली गेली. त्यालाही कळलं नव्हतं. कट्ट्यावर एकालाही कळलं नव्हतं. पण ते बाकीचे होते.

"मी म्हंटलं तिला, बापाला निरोप धाडतो," ज्ञानू सांगत होता. आवाज चढत नव्हता, त्यानं तो चढवला असता तर बरं झालं असतं. "तर नगं म्हंटली. तिला ठावं हुतं तुमी हितं येऊन ऐकतासा ते. आकारामदा सांगायचा की आमाला, मास्तरांनी कितवा नंबर लावला. दर वर्साला वाट बघायची ती. म्हंटली, ‘निरोप नको. यंदाची रेकॉर्ड जाऊ दे. अण्णा पहिल्याच ओळीला ओळखतील मी नाही म्हणून. मग ते बसायचे नाहीत, उठून येतील.’ रोज दाराकडं तोंड करून निजायची. यात्रा झाली. यंदा पार्टी डोंगरावर गायली न्हाय, मी एकटाच नवस बोलायला गेल्तो. तिथं आकारामदा भेटला. तिच्या दुखण्याचं मी बोललो न्हाय, पर त्यानं सांगितलं मास्तरांनी पैला नंबर दिला, पेढं वाटलं. मी घरात सांगणार नव्हतो, मास्तर. पर तिनं इचारलं. कितवी आली, म्हंटली."

"मग?" अण्णांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"गप पडून ऱ्हायली. मग म्हंटली, शालूला सांग जा, तिचा पहिला नंबर आला." ज्ञानूनं हातानं नाक पुसलं. "त्येच्यानंतर दाराकडं तोंड केलं न्हाय तिनं. आठ-धा दिस हुती."

ज्ञानू उठून गेला. आकारामनं त्याला थांबवायचा प्रयत्न केला, पण तो थांबला नाही. अण्णांना घरी कुणी आणलं, गुंडू पैलवानानं आणलं म्हणतात, ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही. दारात लीलाबाई होत्या. गुंडू परत फिरला आणि अण्णा म्हणाले, "नंदू गेली." आठ-नऊ वर्षांनी त्या घरात ते नाव निघालं, आणि ते असं निघालं. लीलाबाईंच्या हंबरड्यानं आळी गोळा झाली. बायकांनी त्यांना धरलं. पण वाक्याचा उरलेला भाग अण्णांच्या तोंडातून बाहेर आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तेवढ्यात लीलाबाईच म्हणाल्या, "एवढं तरी बरं म्हणायचं. शेवटी शेवटी तरी पोर सुखात होती. तुम्ही ऐकलंत ना?" अण्णांनी तोंड मिटलं. आणि असल्या वेळी बोलणार तरी काय? तुम्ही असता तर बोलला असता का?

चौथ्या दिवशी दुपारी लीलाबाई उठल्या. तोंड धुतलं, साडी बदलली आणि पायांत चपला घातल्या. "कुठं?" अण्णांनी विचारलं. त्या चालू लागल्या. अण्णा मागं. मंगळवार पेठेतून, तालमीवरून, भर उन्हात. आकारामच्या हॉटेलाची पायरी त्या चढल्या तेव्हा आत मिसळ खाणारी माणसं हातातला पाव तसाच धरून उभी राहिली. गुंडू पैलवानानं आपलं बाकडं पंच्यानं पुसून दिलं. लीलाबाई बसल्या, पदर खांद्यावरून घेतला.

"आकाराम, ती पहिली आलेली लाव रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी माझ्या लेकीचं एक गाणं ऐकलं नाही. जन्मात एक नाही. आता कुणाची लाज धरू?"

आकारामचा हात फळीकडं गेला आणि तिथंच राहिला. त्यानं दारात उभ्या असलेल्या अण्णांकडं बघितलं. अण्णांनी दाराची चौकट धरली होती. आकाराम म्हणाला, "काकू, पाचवी लावतो की. लई चांगली हाय. न्हायतर माहेराचं गाणं—"

"पहिली लाव. त्यात ती सुखात आहे. हे म्हणालेत."

आता ह्या बाईला नाही कोण म्हणणार? आकारामनं रेकॉर्ड बाहेर काढली, सदऱ्याला पुसली आणि सुई ठेवली. क्लॅरिओनेट वाजलं. ढोलकी उठली. लीलाबाई सरसावून बसल्या, डोळे मिटले, हात जोडल्यासारखे मांडीवर एकावर एक आले. आवाज लागला, खणखणीत, लांबची ओळ एका दमात निघाली. ती अर्ध्यावर असतानाच लीलाबाईंनी डोळे उघडले.

"ही कोण?" त्या म्हणाल्या.

ओळ पुरी झाली, शेवटचा सूर नीट जागेवर बसला. आकारामनं घाईघाईनं सुई उचलली.

"चुकून दुसरीच लावलीस की रे," लीलाबाई म्हणाल्या. "ही कुणी चांगली गाते आहे बिचारी, पण ही नंदू नाही. माझ्या नंदूची लाव." आकाराम हलला नाही. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, गुंडू पैलवानाकडं, मिसळ खाणाऱ्यांकडं, आणि मग दाराकडं वळून त्या काकुळतीनं म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी सांगा ना त्याला, ही आपली नंदू नाही म्हणून."